कुरिअरने आलेली डाळिंबाची रोपं : पानं बघू नका, मुळी बघा

प्रश्न (सांगोला तालुका) : एक एकरासाठी डाळिंबाच्या भगवा जातीची 300 रोपं ऑनलाइन मागवली. सहाव्या दिवशी खोकी आली, निम्म्या रोपांची पानं पिवळी पडून खोक्यातच गळालीत. दुकानदार म्हणतो ह्युमिक (मुळी वाढवायचं टॉनिक), 19:19:19 (विद्राव्य खत) आणि बुरशीनाशक एकत्र करून आजच ड्रेंचिंग करा, म्हणजे मुळाशी ओता, आणि उद्या लावून टाका. करू का?

उत्तर : करू नका. ड्रेंचिंगही नको आणि उद्या लावणंही नको.

पानं गळाली म्हणजे रोप मेलं असं नाही. बहार धरताना, म्हणजे फुलं आणताना, आपणच पाणी तोडतो, इथ्रेल (पानं गाळायचं औषध) मारतो आणि पानं पाडतो, झाड मरतं का? इथ्रेलमधून जो वायू सुटतो तोच बंद खोक्यात, अंधारात, उकाड्यात रोपं स्वतः सोडतात आणि तो आतच कोंडतो, म्हणून पानं पिवळी होऊन पडतात. मला व्हॉट्सॲपवर जे फोटो येतात ते सगळे पानांचे, त्यावरून काही सांगता येत नाही. खोडाचा आणि मुळीचा फोटो पाठवा.

रोप जितं आहे का ते नखानं कळतं. शेंड्याजवळ, मधे आणि मातीपासून चार बोटं वर अशा तीन जागी साल हलकी खरवडा. खाली हिरवट ओलं दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. शेंडा तपकिरी आणि मधे हिरवं असेल तर हिरव्या भागापर्यंत छाटून टाका, खालून फुटवा येतो. तळाशीही तपकिरी कोरडं लागलं, काडी वाकवली की कडकन मोडली, तर ते रोप गेलं, त्यावर पाच रुपयांचंही औषध घालू नका.

आता मुळी. प्रत्येक खोक्यातली दोन-तीन रोपं घ्या, त्यात एक चांगलं दिसणारं आणि एक वाईट दिसणारं असू द्या, पिशवी उभी कापा. मुळीची टोकं पांढरी किंवा फिक्कट पिवळी आणि ताठ असली की ठीक. मुळी काळपट, चिमटीत धरून ओढली की वरची साल सुटून आत नुसता दोरा राहतो आणि आंबूस वास येतो, म्हणजे सड. मुळ्या पिशवीच्या बुडाशी गोल गोल गुंडाळल्या असतील तर रोप पिशवीत जुनं झालंय, तशीच लावली तर दोन वर्षांनी झाड वाढायचं थांबतं आणि मग तुम्ही खताला दोष देता. बारीक मुळ्यांवर गाठी दिसल्या तर पाण्यात धुऊन बोटांनी चोळा, मातीचे खडे निघून जातात, सूत्रकृमीच्या (मुळीत शिरणारा, डोळ्याला न दिसणारा किडा) गाठी निघत नाहीत. गाठी निघाल्या नाहीत तर सगळा लॉट परत, दहा रोपं चांगली दिसतात म्हणून ठेवून घेऊ नका, एकदा सूत्रकृमी शेतात गेली की ती बाहेर निघत नाही आणि तिच्यामागून मर रोग येतो, झाड उभंच वाळतं.

अजून एक तपासणी, फसवणुकीची. गुटीच्या, म्हणजे झाडावरच फांदीला मुळ्या आणून कापून घेतलेल्या रोपाला बुडाशी कापलेला भाग दिसतो आणि तिथून चारी बाजूंनी मुळ्या फुटलेल्या असतात. एकच जाड सोटमूळ सरळ खाली गेलेलं दिसलं तर ते बियांचं रोप आहे, लेबलवर भगवा लिहा नाहीतर सुपर भगवा, फळ कसलं येईल याचा भरवसा नाही. झाडावरून नुकती उतरवलेली, मॉस (ओलं शेवाळ) गुंडाळलेली गुटी पाठवली असेल तर तीही लगेच शेतात जात नाही, आधी पिशवीत भरून दोन-तीन महिने मुळी धरू द्यावी लागते.

आता ते ड्रेंचिंग. सहा दिवस प्रवास झालेल्या रोपाची बारीक मुळी सुकलेली असते, तिच्याभोवती विद्राव्य खत ओतलं की क्षार वाढतात आणि मुळी पाणी घ्यायच्या ऐवजी तिच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात आपल्या बऱ्याच बोअरचं पाणी आधीच मचूळ. दुकानदाराला बिल वाढवायचंय, तुमचं रोप जगवायचं नाही, हे मी दर हंगामात सांगतो तरी पावत्या घेऊन लोक येतातच आणि पावतीवर चार बाटल्या असतात. नवीन पालवी येऊन ती पक्की होईपर्यंत खत नाही, टॉनिक नाही, ह्युमिक नाही, युरियाचा तर दाणाही नाही.

करायचं ते एवढंच : खोकी सावलीत उघडा, उन्हात नाही. रोप उचलून बघा, हलकं लागलं तर पिशवीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं आहे आणि कोरडं कोकोपीट वरून ओतलेलं पाणी पीत नाही, कडेनं सोडून देतं, म्हणून पिशवी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा आणि निथळू द्या. पाण्यात रात्रभर ठेवू नका. जड आणि ओलं लागलं तर पाणी देऊच नका.

आणि मग रोपं 21 दिवस वेगळी ठेवा. हे मी परत परत लिहितोय कारण हेच कोणी करत नाही. 50 टक्के शेडनेटखाली किंवा चिंचेच्या, कडुलिंबाच्या सावलीत, जुन्या बागेपासून लांब, आणि तिथली कात्री, बादली बागेत न्यायची नाही. तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग) असेल तर या दिवसांत पानावर दिसतो, मेलेलं रोप मेलेलं कळतं, जितं फुटतं. शेवटच्या आठवड्यात सकाळचं ऊन दाखवत न्या आणि मग पाऊस झाल्यावर, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) बघून, संध्याकाळी लावा, 4.5 बाय 3 मीटरवर. खड्डा उन्हाळ्यात तापलेला असावा, ट्रायकोडर्मा मुरवलेलं शेणखत त्यात घालावं आणि त्याच आठवड्यात त्याच खड्ड्यात बुरशीनाशक ओतू नये, ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, ती मरते. पहिले काही दिवस ड्रीपर अगदी खोडाजवळ ठेवा, नाहीतर भोवतीची काळी माती ओली दिसते आणि कोकोपीटचा गोळा आत कोरडाच राहतो.

एप्रिल-मे मध्ये रोपं मागवूच नका. 42 डिग्रीत गोडाऊनला पडलेल्या खोक्यात काय होतं ते खोकं उघडल्यावर दिसतं.

प्रश्न (मोहोळ) : रोपं हिरवीगार आली पण काही पानांवर काळे ठिपके आहेत. दुकानदारानं अँटिबायोटिक आणि कॉपर दुप्पट डोसनं मारायला सांगितलंय.

उत्तर : पान तोडून उन्हाकडे धरा. ठिपक्याची कड तेलकट, पाणी भरल्यासारखी आणि भोवती पिवळी कडी दिसली तर तेल्या समजा. खोडावर पेऱ्याजवळ काळपट खोलगट डाग किंवा चीर असेल तर शंकाच नको. असं रोप फवारून बरं करायच्या भानगडीत पडू नका, खोडातला तेल्या वरच्या फवाऱ्यानं जात नाही, तो पुढच्या पावसाळी हवेची वाट बघत बसतो. फोटो काढा आणि रोप जाळून टाका, बांधावर फेकू नका. शंका असेल तर दोन रोपं पिशवीत बंद करून केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, आपल्या सोलापुरातच आहे ते, दुकानात विचारायच्या आधी तिथं विचारा.

डोस दुप्पट केला म्हणून रोग अर्धा होत नाही, कोवळी पालवी मात्र जळते. अँटिबायोटिकबद्दल तर स्पष्टच सांगतो, स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारनं 2021 मध्येच काढलाय, तरी लोक अजून मागतात आणि दुकानदार अजून सुचवतात. बाकी निरोगी रोपांना पालवी पक्की झाल्यावर अर्धा टक्का बोर्डो पुरे, म्हणजे 100 लिटरला अर्धा किलो मोरचूद आणि अर्धा किलो चुना, त्याच दिवशी तयार केलेला आणि सकाळी मारलेला. दुपारी नाही. दुप्पट नाही. त्यात दुसरं काही मिसळून नाही.

प्रश्न (बार्शी, ताईंचा) : गुलाबाची कलमं मागवली, नुसत्या काड्या आल्यात, माती नाही. फुटवा मात्र जोरात येतोय.

उत्तर : ताई, काड्या हिरव्या आणि मुळी ओली असेल तर माल बरा आहे, लावण्याआधी दोन-तीन तास मुळ्या पाण्यात ठेवा. फुटवा कुठून येतोय ते बघा. डोळा भरलेल्या जोडाच्या खालून येत असेल तर तो जंगली गुलाब आहे, मुळापासून ओढून काढा. जोडावरची काडी वाळली असेल तर तुमच्याकडे फक्त जंगली राहिलाय, पैसे परत मागा.

प्रश्न (बऱ्याच जणांचा) : ऑनलाइन रोपांवर अनुदान मिळतं का आणि माल खराब निघाला तर काय करायचं?

उत्तर : भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं येतं, पुढचे हप्ते किती झाडं जगली त्यावर. रोपं शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मानांकित रोपवाटिकेतलीच लागतात, इंस्टाग्रामवरच्या पेजची पावती चालत नाही. पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. बाकी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) विचारा. 1969 च्या कायद्यानं महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, तो नंबर पैसे पाठवायच्या आधी मागा, टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) असतील तर सर्टिफिकेटही मागा, द्यायला टाळाटाळ केली की ऑर्डर देऊ नका.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, आधी लेबल आणि तारीख, मग रोपं, मग कापलेली पिशवी आणि मुळी. त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा, फोनवर बोलून सोडून देऊ नका. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा आणि एक अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या. आणि तक्रार मिटेपर्यंत त्या रोपांवर काहीही फवारू नका, ओतू नका, नाहीतर विक्रेता पहिलं हेच म्हणतो की तुमच्या औषधानं रोपं जळाली, आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही.