वाचकांचे प्रश्न : डीएनडी असूनही येणारे फोन

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने काही वर्षांपूर्वी माझा मोबाइल क्रमांक ‘डीएनडी’मध्ये, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असलेल्यांच्या यादीत, नोंदवून दिला. तरीही दुपारी जरा डोळा लागला की कर्जतच्या प्लॉटचा, नाहीतर विनातारण कर्जाचा फोन हमखास येतो. मी तो क्रमांक ब्लॉक करते, पण दुसऱ्या दिवशी नव्या क्रमांकावरून तोच आवाज ऐकू येतो. ही नोंदणी नावापुरतीच असते का?

उत्तर : नोंदणीचा उपयोग होतो, पण रीतसर नोंदणी केलेल्या जाहिरातदारांपुरताच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८ च्या नियमावलीप्रमाणे अशा व्यावसायिकांनी जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे असतात आणि त्याआधी ग्राहकाची पसंती तपासायची असते. आपली झोपमोड करणारा माणूस मात्र बाजारातले साधे दहा आकडी सिमकार्ड वापरतो. डीएनडीची यादी त्याने कधी उघडलेलीच नसते.

म्हणूनच नुसते ब्लॉक करून भागत नाही, कारण त्याने फक्त आपला फोन शांत होतो आणि ते सिमकार्ड शेजारणीला छळायला मोकळे राहते. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करा. एसएमएस पाठवायचा असल्यास फोनचा विषय, समोरच्याचा क्रमांक आणि तारीख एवढे लिहिले की पुरते. ‘ट्राय डीएनडी’ अॅपवर हेच काम बोटांच्या दोन-चार टिचक्यांत होते. फेब्रुवारी २०२५ च्या सुधारणेनंतर एखाद्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तरी कारवाईचा निकष पूर्ण होतो. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत असत. दोषी ठरलेल्याचे जाणारे फोन पहिल्या खेपेस पंधरा दिवस बंद होतात, आणि पुन्हा तोच उद्योग केल्यास त्याच्या सर्व जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. या तक्रारीसाठी डीएनडीत नाव असण्याचीही आता अट नाही.

एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याच्या नावाचे शेवटचे अक्षर पाहावे. तिथे इंग्रजी ‘पी’ असेल तर ती जाहिरात. ‘टी’ किंवा ‘एस’ असेल तर व्यवहाराचा किंवा सेवेचा निरोप, जो डीएनडी असूनही येणारच आणि यायलाही हवा, नाहीतर बँकेचा ओटीपी कसा मिळणार? ‘पी’वाल्या जाहिराती येत राहिल्या, तर एखाद्या दुकानात सोडतीची चिठ्ठी भरताना आपणच संमती दिली होती का, हे आठवून पाहावे. अशा चिठ्ठीवरची बारीक अक्षरे मीही कधी वाचलेली नाहीत.

फोनवरच्या माणसाने ओटीपी मागितला किंवा अटकेची भीती घातली, तर ते प्रकरण जाहिरातीचे राहत नाही. तेव्हा ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळाच्या ‘चक्षू’ सुविधेवर कळवावे, आणि पैसे गेले असतील तर इतर कशातही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.