हीट पंपाचा सीओपी मोजताना

प्रश्न: कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गरम पाण्यासाठी हीट पंप (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं यंत्र) बसवलाय. माहितीपत्रकात सीओपी (एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) ४ आहे, आम्हाला ३.५ मिळाला. मिनिटाला १० लिटर पाणी, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक, वीज १ किलोवॅट. कंपनीला नोटीस पाठवावी का?

उत्तर: थांबा. गणित बरोबर आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात, त्या हिशेबाने उष्णता ३.४९ किलोवॅट. पण थर्मामीटर कसले वापरलेत? ते ±०.५ अंशाचे असतील, तर दोघांमधल्या फरकाची अनिश्चितता होते ०.७ अंश (वर्गांची बेरीज करून वर्गमूळ). ५ अंशांत ०.७ म्हणजे १४ टक्के! पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरचे ३ आणि वीजमीटरचा १ टक्का याच रीतीने मिळवला, तरी एकूण साडेचौदाच. म्हणजे तुमचा सीओपी ३ ते ४ यांत कुठेही असू शकतो. एवढ्यावर कुणाला खोटं ठरवणं मला तरी न्यायाचं वाटत नाही. आणि कृपा करून महागडा फ्लोमीटर आणू नका, दुखणं तापमानात आहे.

प्रश्न: दहा वेळा मोजून सरासरी काढली तर?

उत्तर: वरखाली होणारी चूक कमी होईल, साधारण एक तृतीयांशावर येईल. पण एक थर्मामीटर कायमच अर्धा अंश जास्त दाखवत असेल, तर शंभर वेळा मोजूनही तो जास्तच दाखवणार. दोन्ही एकाच बादलीत बुडवा, पाणी ढवळा, फरक टिपून ठेवा आणि तेवढा वजा करा. कोमट आणि गरम अशा दोन्ही पाण्यांत हे करा. पैसे न लागणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

दुसरी वाट म्हणजे फरकच मोठा घ्या. नळ बंद ठेवून २०० लिटरची टाकी २० वरून ५५ अंशांपर्यंत तापवा. ३५ अंशांत ०.७ म्हणजे फक्त २ टक्के. मात्र टाकीत खरंच २०० लिटर मावतात का, ते आधी पाहा, आणि वर-खाली दोन्हीकडे तापमान घ्या, कारण गरम पाणी वर साठतं. टाकीतून बाहेर जाणारी उष्णताही पंपाच्याच नावावर खर्ची पडते, म्हणजे सीओपी खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

प्रश्न: जानेवारीत सीओपी घसरला. मोजमाप चुकलं का?

उत्तर: बहुधा नाही. पंप उष्णता हवेतून घेतो. पुण्यातली जानेवारीची पहाट आणि मेमधली दुपार त्याच्यासाठी सारखी कशी असेल? माहितीपत्रकातला आकडा ठरावीक हवा-पाण्याच्या तापमानाचा असतो. चाचणी अहवाल मागवा आणि ती तापमानं, तसंच आकड्यापुढची ± मर्यादा दोन्ही बघा.