प्रतलावरचे पाच बिंदू आणि रेषेवरचे पाच बिंदू: हे द्वैत येतं कुठून?

तुम्ही विचारलंय की प्रतलावरच्या पाच बिंदूंचा द्वैत संच म्हणजे रेषेवरचे पाच बिंदू, आणि दोन्हीकडचे निश्चयक (डिटर्मिनंट) एकमेकांशी जुळतात, असं वाचलं. पण ही खरंच भूमिती आहे की नुसती मॅट्रिक्सची आकडेमोड? भूमितीच आहे. मला ती एकदा हाताने गणित केल्यावर दिसली, म्हणून तेच गणित इथे मांडतो.

पॅराबोलावर क्ष = ०, १, २, ३, ४ असे पाच बिंदू घ्या. प्रत्येक बिंदूसाठी एक स्तंभ: वर १, मध्ये क्ष, खाली क्षचा वर्ग. तीन ओळी तयार होतात: (१, १, १, १, १), (०, १, २, ३, ४) आणि (०, १, ४, ९, १६). आता असे पाच आकडे शोधा की त्यांनी कुठल्याही ओळीतल्या आकड्यांना जागच्या जागी गुणून बेरीज केली तर शून्य यावं. असा एक संच (१, −४, ६, −४, १). पास्कलच्या त्रिकोणातली ओळ ओळखलीत ना? तिसऱ्या घातापर्यंतच्या कुठल्याही बहुपदीचा चौथा फरक (लागोपाठच्या किमतींची वजाबाकी चार वेळा केली की उरतो तो) शून्य असतो, तेच इथे कामाला आलं. आपल्याला घात दोनपर्यंतच लागतो, म्हणजे एक घात शिल्लक आहे. त्यामुळे याच आकड्यांना क्षने गुणून दुसरा संच मिळतो: (०, −४, १२, −१२, ४).

हे दोन संच एकाखाली एक लिहा आणि आता उभे वाचा: (१, ०), (−४, −४), (६, १२), (−४, −१२), (१, ४). हा प्रत्येक स्तंभ म्हणजे प्रक्षेपी रेषेवरचा (जिथे दोन आकड्यांचं फक्त गुणोत्तर मोजलं जातं) एक बिंदू, आणि हे पाच बिंदू म्हणजेच द्वैत संच. खालच्या आकड्याला वरच्याने भागा: ०, १, २, ३, ४. पॅराबोलावर ज्या क्षपासून निघालो, तेच क्ष परत आले! प्रतलावर सर्वसाधारण स्थितीतले (कुठलेही तीन एका रेषेत नसलेले) पाच बिंदू घेतले की त्यांतून एकच शांकव (लंबवर्तुळ, पॅराबोला यांसारखा वक्र) जातो, आणि शांकव स्वतः रेषेसारखाच एका चलाने मोजता येतो. द्वैत संच म्हणजे त्या शांकवावरच्या पाच जागा, बस.

आता निश्चयक. द्वैत बाजूला पहिले दोन स्तंभ घ्या, निश्चयक −४. मूळ बाजूला उरलेले तीन घ्या (क्ष = २, ३, ४), निश्चयक २. पहिला आणि तिसरा घ्या: १२, आणि पलीकडे उरलेल्यांचा ६. चिन्ह सोडलं तर दरवेळी दुप्पट, आणि चिन्हही स्तंभांच्या क्रमांकांवरून नेमकं ठरतं. म्हणजे या बाजूच्या बिंदूंचा निश्चयक त्या बाजूच्या *उरलेल्या* बिंदूंच्या निश्चयकाच्या प्रमाणात असतो. भूमितीच्या भाषेत: प्रतलावर १, २, ३ एका रेषेत आले, तर रेषेवरचे ४ आणि ५ एकमेकांवर पडतात.

तुमची शंका बहुधा इथे असेल: बिंदूच्या निर्देशकांना कुठल्याही आकड्याने गुणलं तरी बिंदू तोच राहतो, मग मॅट्रिक्स तर बदलली? बदलली. पण मूळचा स्तंभ तिपटीने वाढवला तर द्वैतातला तोच स्तंभ एक तृतीयांश होतो. बिंदू दोन्हीकडे जागच्या जागी. अट एवढीच की कुठलाही एक बिंदू काढला तरी उरलेल्यांनी पूर्ण अवकाश व्यापलेला हवा (प्रतलावर म्हणजे उरलेले सगळे एकाच रेषेत नकोत), नाहीतर द्वैतात शून्य स्तंभ येतो.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो सहा बिंदूंचा प्रसंग. तिथे द्वैत संचही प्रतलावरच्या सहा बिंदूंचाच असतो, मग प्रश्न पडतो: संच स्वतःचाच द्वैत कधी? सर्वसाधारण स्थितीत उत्तर एका वाक्यात मावतं: सहाही बिंदू एका शांकवावर असतील तेव्हाच. कारणही लहान आहे. संच स्वतःचाच द्वैत असणं म्हणजे सहा बिंदूंना असे शून्येतर गुणक देता येणं, की निर्देशकांच्या दोन-दोनच्या सगळ्या गुणाकारांची त्या गुणकांनिशी बेरीज शून्य यावी. असे गुणाकार सहा प्रकारचे आणि बिंदूही सहा, म्हणून असे गुणक मिळणं आणि सहाही बिंदूंतून जाणारा शांकव असणं या दोन्ही गोष्टी एकच ठरतात. त्रिमितीत हेच आठ बिंदूंना लावा: सातांतून जाणारं प्रत्येक द्विघाती पृष्ठ आठव्यातूनही जातं.

सहा बिंदू शांकवावर नसतील तर द्वैत आणखी खोल जातं. सर्वसाधारण स्थितीतल्या अशा सहा बिंदूंपासून त्रिघाती पृष्ठ तयार होतं, ज्यावर आर्थर केली आणि जॉर्ज सॅमन या गणितज्ञांनी १८४९ मध्ये दाखवलेल्या २७ रेषा असतात. श्लेफ्लीने १८५८ मध्ये त्यांतल्या सहा-सहा रेषांच्या जोड्या ओळखल्या. आपले सहा बिंदू म्हणजे जोडीतल्या एका बाजूच्या सहा रेषा आकसून झालेले बिंदू. दुसऱ्या बाजूच्या सहा आकसवल्या की जे बिंदू मिळतात, तो द्वैत संच. आर्थर कोबलने १९१५ पासून या विषयावर लिहिलं. बहुपृष्ठकांच्या (सपाट बाजूंनी वेढलेल्या आकारांच्या) अभ्यासात हेच डेव्हिड गेलच्या नावाने ओळखलं जातं, आणि संकेतन सिद्धान्तात (संदेशातल्या चुका पकडणाऱ्या कोडच्या गणितात) कोड आणि त्याचा द्वैत कोड यांच्यातलं नातं हेच आहे.

पुढचं गणित तुम्ही स्वतः करून बघा. क्ष = ०, १, २, ३, ४, ५ असे सहा बिंदू घ्या. या वेळी गुणक (१, −५, १०, −१०, ५, −१), आणि त्यांना क्षने व क्षच्या वर्गाने गुणून आणखी दोन ओळी. उभे वाचा, तेच सहा बिंदू परत येतील. मग मूळ मॅट्रिक्सच्या शेवटच्या स्तंभातला २५ खोडून २४ लिहा आणि सगळं पुन्हा करा.