शेवटच्या यार्डात पळावं की फेकावं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू गोललाइनच्या, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या रेषेच्या, तोंडाशी आला की प्रत्येक प्रेक्षक प्रशिक्षक होतो. त्याच जागेबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : २०१५च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटल सीहॉक्सना जिंकायला एक यार्ड हवा होता. मार्शॉन लिंचसारखा ताकदवान रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, असताना त्यांनी पास टाकला, न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मधल्या मध्ये पकडला आणि सामना गेला. इतका चुकीचा निर्णय घेतलाच कसा?

पास टाकायचं ठरवलं, ते बरोबर होतं. कोणता पास टाकायचा, तिथे गणित चुकलं. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय तो क्षण समजत नाही.

१ फेब्रुवारी २०१५. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल २४. सेकंड डाउन, म्हणजे चार प्रयत्नांतला दुसरा, घड्याळात २६ सेकंद, सिअ‍ॅटलकडे एकच टाइमआउट. चार गुणांनी मागे असल्यामुळे किक मारून मिळणारा तीन गुणांचा फील्ड गोल काहीच कामाचा नव्हता, चेंडू गोललाइनपलीकडे नेणारा टचडाउनच हवा होता. हातात तीन डाउन होते.

आता घड्याळ धरून बघा. सेकंड डाउनला लिंचला चेंडू दिला आणि तो अडला, तर चार-पाच सेकंद जातात आणि घड्याळ चालूच राहतं. ते थांबवायला एकुलता एक टाइमआउट खर्च होतो. उरले एकवीस सेकंद. थर्ड डाउनलाही पळाला आणि अडला, तर उरतात सोळा-सतरा सेकंद, टाइमआउट शून्य. बावीस माणसांच्या ढिगाऱ्यातून उठायचं, पुन्हा रांग लावायची आणि स्नॅप, म्हणजे डाव सुरू करणारा मागचा पास, घ्यायचा, यात दहा-पंधरा सेकंद सहज जातात. बचाव करणारेही उठायची घाई करत नाहीत. फोर्थ डाउन खेळायला मिळेल याची खात्रीच नाही. तीनही डाउन वापरायचे असतील, तर पहिल्या दोनांपैकी एक तरी पास हवाच, कारण पास खाली पडला की घड्याळ आपोआप थांबतं. तो थर्ड डाउनसाठी राखून ठेवला, तर टाइमआउट नसलेला संघ आता फेकणार हे समोरच्याला आधीच कळतं. सेकंड डाउनला ते कळत नाही. त्या मोसमात एक यार्डावरून टाकलेला एकही पास तोवर प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला नव्हता, हेही लक्षात घ्या. सिअ‍ॅटलचा प्रशिक्षक पीट कॅरोलच्या निर्णयामागे एवढा हिशेब उभा होता.

मग चुकलं काय? टाकलेला पास होता स्लँट, म्हणजे पास झेलणारा रिसीव्हर बाहेरून तिरका आत, गर्दीकडे धावतो. उजवीकडे जर्मेन कर्स पुढे आणि रिकार्डो लॉकेट त्याच्या मागे असे उभे होते. कर्सने समोरच्याला रेटत आत न्यायचं आणि त्या अडसरामागून लॉकेटने निसटायचं, असा बेत. पण कर्ससमोर ब्रँडन ब्राउनर हा आडदांड कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, होता. त्याने स्नॅप होताच दोन्ही हात कर्सच्या छातीवर रोवून त्याला जागच्या जागी थोपवलं. अडसर तयारच झाला नाही. मागे उभ्या बटलरला लॉकेटपर्यंत सरळ वाट मिळाली. सरावात हाच डाव बघितलेला असल्यामुळे तो चेंडू सुटायच्या आधीच निघाला होता.

स्लँटमध्ये चूक झाली तर चेंडू मैदानाच्या आत, माणसांच्या मधोमध उडतो. कोपऱ्यात उंच टाकलेल्या फेडमध्ये चूक झाली तर तो बहुतेक वेळा रेषेबाहेर पडतो. पास टाकणारा क्वार्टरबॅक रसेल विल्सन चपळ होता. त्याला बाजूला धावत काढलं असतं, तर कुणी मोकळं नसताना चेंडू सरळ बाहेर भिरकावून पुढचा डाउन घेता आला असता. गोललाइनवर पास निवडताना पहिला प्रश्न हा असावा : हा फसला तर चेंडू पडणार कुठे?

प्रश्न : घड्याळाची चिंता नसेल, तर एक यार्डावर आणि चार-पाच यार्डांवर वेगळा विचार करावा का?

नक्कीच. एका यार्डावर पळणं पुढे, चार-पाचावर पास पुढे.

गोललाइनपलीकडचा पट्टा, एंड झोन, दहा यार्ड खोल असतो. एक यार्डावरून रिसीव्हरला धावायला जेमतेम अकरा यार्डांची खोली मिळते. पाठीमागे लांब पास पडण्याची भीती नसल्यामुळे सेफ्टी हा सगळ्यात मागचा बचावपटूसुद्धा पुढे सरकून उभा राहतो आणि सगळी फट भरून जाते. पळणाऱ्याला मात्र चेंडूचं टोक रेषेच्या पातळीला लावलं तरी सहा गुण मिळतात. रिसीव्हरला चेंडू नीट ताब्यात घेऊन, एनएफएलमध्ये, दोन्ही पाय आत टेकवावे लागतात. चार-पाच यार्डांवर पळणाऱ्याला फळीच्या मागचा दुसरा थरही फोडावा लागतो, आणि तेवढं काम एका धक्क्यात होत नाही.

स्नॅपआधी माणसं मोजायची. चेंडूच्या आसपास, दोन्ही टोकांच्या ब्लॉकरमध्ये (बचावपटूंना अडवून वाट करून देणाऱ्यांमध्ये) जी चौकट असते तिला बॉक्स म्हणतात. आपल्याकडे पाच लाइनमन आणि दोन टाइट एंड, म्हणजे सात ब्लॉकर. बॉक्समध्ये सात किंवा कमी असतील तर पळा. आठ-नऊ असतील तर एक जण अडवल्याविना राहणार आणि तोच पळणाऱ्याच्या अंगावर येणार. अशा वेळी बाहेर कुणीतरी एकटा पडलेला असतो, तिथे पास जायला हवा. सेंटरच्या, म्हणजे स्नॅप देणाऱ्या मधल्या लाइनमनच्या, दोन्ही बाजूंच्या फटी उघड्या आहेत का, तेही बघायचं. सेंटरच्या थेट डोक्यावर कुणी नसेल, तर क्वार्टरबॅकने स्वतःच घुसावं.

इथे एक चूक वारंवार दिसते. यार्डभर हवा असताना रनिंग बॅकला सात यार्ड मागे उभं करतात. चेंडू हातात येईपर्यंत बचावातला एखादा गडी फळी फोडून आत येतो आणि एक यार्डाचे चार होतात. क्वार्टरबॅक स्वतःच घुसतो त्या स्नीकमध्ये हा धोका जवळपास नसतो. सेंटरच्या हातून चेंडू मिळाला की दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरायचा, खांदे सेंटर आणि त्याच्या शेजारच्या गार्डच्या पाठीखाली न्यायचे आणि पाय थांबू द्यायचे नाहीत. उभा राहून घुसणारा क्वार्टरबॅक छातीवर धडक खातो आणि मागे लोटला जातो.

प्रश्न : टाइमआउट उरला नसेल तर पळणं म्हणजे आत्मघातच ना?

बहुतेक वेळा, हो. पण ३१ डिसेंबर १९६७चा ग्रीन बेमधला सामना आठवा. डॅलस काउबॉइज १७, ग्रीन बे पॅकर्स १४. थर्ड डाउन, गोललाइन हातभर दूर, १६ सेकंद, शेवटचा टाइमआउट नुकताच घेतलेला. फील्ड गोलने बरोबरी होत होती, म्हणून पाठ्यपुस्तक सांगतं : पास टाका, पडला तर घड्याळ थांबेल आणि किक मारता येईल. पण मैदान गोठून काच झालं होतं. आधीच्या दोन प्रयत्नांत पळणाऱ्या डॉनी अँडरसनला पाय रोवताच आला नव्हता. ठरलेला डाव चेंडू मागून पळत येणाऱ्या फुलबॅकला देण्याचा होता, पण क्वार्टरबॅक बार्ट स्टारने तो स्वतःकडेच ठेवला आणि गार्ड जेरी क्रेमरच्या मागून आत घुसला. निसरड्या जमिनीवर मागून धावत येणाऱ्यापेक्षा एक पाऊल टाकणारा सरस ठरतो, हे त्याला दिसलं होतं. १३ सेकंद उरले आणि सामना २१-१७ असा जिंकला. तो अडला असता तर किक मारणारे मैदानात येऊन उभे राहीपर्यंत बहुधा वेळ संपला असता. इतकी मोठी जोखीम त्यांनी जमीन बघून घेतली.

प्रश्न : फोर्थ डाउन, एक यार्ड, सामन्याचा पहिलाच भाग. फील्ड गोलचे तीन गुण घ्यावेत का?

टचडाउन आणि नंतरची किक धरून सात गुण. सातातले तीन, म्हणजे साधारण ४३ टक्के. यशाची शक्यता तेवढी असली तरी हिशेब बरोबरीत सुटतो. शिवाय फसलात तरी प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या एक यार्डावरून सुरुवात करावी लागते. तिथे त्यांचा चेंडूधारक स्वतःच्याच एंड झोनमध्ये पाडला गेला, तर तुम्हाला दोन गुण आणि चेंडूही मिळतो. म्हणून आम्ही खेळायच्या बाजूने. सामन्याच्या शेवटी तीन गुणांनीच जिंकत असाल किंवा बरोबरी होत असेल, तर मात्र किक घ्या.

प्रश्न : पळणारा हात लांब करून चेंडू रेषेपलीकडे नेतो, ते शहाणपणाचं आहे का?

फोर्थ डाउनला जरूर करावं, कारण अडलो तर चेंडू तसाही जाणार. फर्स्ट, सेकंड, थर्डला करू नये. लांबवलेल्या हातातून चेंडू रेषेआधी निसटला आणि एंड झोनमधून बाहेर गेला, तर तो प्रतिस्पर्ध्याचा होतो, त्यांना थेट २० यार्डांची रेषा मिळते आणि तुमचे उरलेले डाउन गेले ते गेलेच. खेळातला हा सगळ्यात महाग फंबल आहे. चेंडू दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना, आणि पुढच्या डाउनवर विश्वास.

प्रश्न : फिलाडेल्फियाचे खेळाडू क्वार्टरबॅकला मागून ढकलतात, ते नियमात बसतं का?

बसतं. पळणाऱ्याला मागून ढकलण्यावरची बंदी एनएफएलने २००५मध्ये उठवली. ओढणं मात्र अजूनही चालत नाही. ग्रीन बेने आणलेला बंदीचा प्रस्ताव मे २०२५मध्ये बाजूने २२ आणि विरोधात १० मतं मिळूनही पडला, कारण मंजुरीला ३२ पैकी २४ मतं लागतात. नुसत्या ढकलण्याने हे जमत नाही. मूळ जोर सेंटर आणि दोन गार्डच्या पहिल्या, बुटक्या पावलाचा असतो, आणि फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सच्या मांड्यांचा. म्हणूनच इतर संघ तोच डाव उचलतात तेव्हा फळी वेळेआधी हलते आणि पाच यार्डांचा दंड बसतो. एक यार्डाचे सहा झाले की स्नीकचा प्रश्नच उरत नाही.