'स्टील', 'रॉब' आणि 'बर्गल'

इंग्रजीतील 'स्टील', 'रॉब' आणि 'बर्गल' या तिन्ही क्रियापदांसाठी मराठीत सरसकट 'चोरणे' वापरले तर काय बिघडते, असा प्रश्न आला आहे. बिघडते ते प्रथम कर्माच्या बाबतीत. 'स्टील'चे कर्म म्हणजे चोरीला गेलेली वस्तू, तर 'रॉब'चे कर्म म्हणजे ज्याच्याकडून ती गेली तो माणूस, ते दुकान किंवा ती बँक. म्हणून 'दे स्टोल माय फोन' हे वाक्य बरोबर आहे आणि 'दे रॉब्ड माय फोन' हे चूक. 'रॉब' ठेवून फोनचा उल्लेख करायचाच असेल, तर 'दे रॉब्ड मी ऑफ माय फोन' अशी 'ऑफ' घालून रचना करावी लागते. कर्मणी प्रयोगात हा भेद आणखी ठळक होतो, कारण 'आय वॉज रॉब्ड' म्हणजे मला लुटले, पण 'आय वॉज स्टोलन' म्हणजे चक्क मलाच कोणीतरी चोरून नेले.

मराठी माणसाची येथे गल्लत होते, त्याचे कारण माझ्या मते 'लुटणे' या क्रियापदात आहे. 'प्रवाशांना लुटले' आणि 'दागिने लुटले' ही दोन्ही वाक्ये मराठीत सारखीच सहज वाटतात. ही मुभा इंग्रजीतील 'रॉब'ला नाही. या शब्दाचे मूळ पाहिले की ते का, हे उमगते. 'रॉब' जुन्या फ्रेंचमधून आला आणि पायघोळ झग्याला म्हणतात तो 'रोब' त्याचाच भाऊबंद आहे. 'रोब'चा आधीचा अर्थ लूट, विशेषतः लुटीत हाती आलेले कपडे, असा होता. लुटणे म्हणजे समोरच्याच्या अंगावरचे उतरवून घेणे, त्यामुळे नजर वस्तूवर नसून नागवल्या गेलेल्या माणसावर राहते. 'स्टील'मध्ये मात्र गुपचूपपणा मुरलेला आहे. लपतछपत वावरण्याला 'स्टेल्थ' म्हणतात, तो शब्द याच कुळातला, आणि 'स्टील अवे' म्हणजे चोरपावलांनी निघून जाणे, ही छटा आपल्या 'चोर'लाही अगदी तशीच आहे.

कायद्याने या भेदाला बळाची कसोटी लावली. इंग्लंडच्या 1968 च्या चोरीविषयक कायद्यानुसार, चोरी करण्यासाठी त्या वेळी किंवा लगेच आधी बळ वापरले किंवा त्याची भीती घातली, तर ती 'रॉबरी' ठरते. आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेतील आणि 2024 मध्ये तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील 'रॉबरी'ला मराठीत 'जबरी चोरी' म्हणतात आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की 'दरोडा'. बातमीचे भाषांतर करताना प्रत्येक 'रॉबरी'ला 'दरोडा' म्हणणे त्यामुळे चुकीचे आहे. 'जबरी चोरी' हा नेमका शब्द पोलीस ठाण्यात रोज वापरला जातो आणि तो लेखनातही यायला हवा.

'बर्गल'चा अर्थ घरफोडी करणे. 'बर्गलर' या नामावरून हे क्रियापद एकोणिसाव्या शतकात उलट्या दिशेने तयार झाले आणि त्याचे कर्म घर किंवा इमारत असते. रिकाम्या घराचे कुलूप तोडून ऐवज नेला असेल, तर घर 'बर्गल' झाले आणि ऐवज 'स्टील' झाला. अमेरिकी बोलीत अशा वेळीही 'माय हाऊस वॉज रॉब्ड' असे सर्रास म्हणतात आणि संभाषणात ते खपून जाते, मात्र पोलीस तक्रारीत किंवा विम्याच्या अर्जात 'बर्गल'च लिहावे, कारण तेथे 'रॉब' म्हटले की कोणावर बळजबरी झाली, हा पुढचा प्रश्न येतो.