जाग आधी की लघवी?

"मॅडम, रात्री चार-चारदा उठावं लागतंय. वयामुळं असंल का साखर?" हे विचारणारं कुणी ना कुणी दर आठवड्याला येतंच. त्यांना मी परभणीकडच्या एका मामांचं सांगते.

मामा आले होते झोपेसाठी. पन्नाशीचे, कापूस-सोयाबीनवाले, पीककर्ज थकलेलं. मे महिना, पेरणी तोंडावर. "झोपच न्हाई," एवढंच बोलले. कर्ज म्हटलं की आम्हा समुपदेशकांचे कान तिकडंच वळतात. अर्धा तास मी कर्जावरच घालवला. चूक माझीच.

दाराशी बसलेल्या मामी शेवटी म्हणाल्या, "झोप लागती ओ, टिकत न्हाई. उशाला तांब्या भरून ठिवते, मध्यरात्रीलाच रिकामा. मग घागरीपाशी खडखड."

मी विचारलं, "मामा, जाग येते म्हणून लघवीला जाता, का लघवी लागते म्हणून जाग येते?"

"लागती म्हणून. चार-पाचदा. अन् भरपूर."

घरचे उन्हाला बोल लावत होते. पण उन्हाची तहान असली तर पाणी घामावाटे जातं, लघवी कमी आणि पिवळी होते. इथं पाणीही जास्त, लघवीही जास्त. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती आवरत नाही. लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते. घसा कोरडा, परत तांब्या. मामांनी संध्याकाळनंतर पाणी तोडून बघितलं होतं. तसं करू नये, शरीर अजून सुकतं.

मग पट्ट्याकडं लक्ष गेलं. खिळ्यानं पाडलेलं नवं भोक, जुन्यापासून चार बोटं आत, म्हणजे वजन घटलेलं. तळपायाची आग होते म्हणून रात्री पाय गार फरशीवर टेकवतात, हेही मामींनीच सांगितलं. दोन्ही खुणा साखरेकडंच बोट दाखवत होत्या.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर २३८. १२६ पासून पुढं मधुमेह धरतात. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी HbA1c तपासणीही केली. ती टक्क्यांत मोजतात; ९.८ आली, तिथं मधुमेहाची रेघ ६.५ ला आहे. गोळ्या सुरू झाल्या. रात्री दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले तर साखर खाली गेली असू शकते. शुद्धीत असताना लगेच साखरपाणी द्या, हे मी मामींकडून दोनदा म्हणवून घेतलं.

रात्री उठणारा प्रत्येकजण साखरेचा नसतो, हेही खरं. त्याच आठवड्यात आलेल्या एका आजोबांची साखर ९४ होती. त्यांना जोर लावून थेंबथेंब व्हायची, दुखणं प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं निघालं. लघवीला मुंग्या लागतात का बघत बसणारेही खूप भेटतात. मुंग्या नाहीत म्हणजे साखर नाही, असं अजिबात नसतं. तिशीपुढच्यांची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात बघतात, तिथं जावं.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले. मामा आता रात्री एकदाच उठतात. कर्ज तसंच आहे, त्यावर आम्ही या वेळी नीट बोललो. निघताना मामींनी विचारलं, "तांब्या ठिवू का नको आता उशाला?"

"ठेवा," म्हटलं. "सकाळी किती उरला, तेवढं बघत जा."