रविवारी पोरगी पाहायला जाण्याआधी

प्रिय बाळा,

तुझ्या बाबांचा फोन आला होता. रविवारी वणीकडे पोरगी पाहायला निघताय म्हणे. जा, पण शनिवारी रात्री जेवणं आटोपली की ‘स्थळ’ हा सिनेमा बघा. मोबाईलवर एकट्यानं नको. टीव्हीला जोड, आई-बाबांना, ताईला सोबत बसव.

जयंत दिगंबर सोमलकरांचा हा सिनेमा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो. पडद्यावर गावचीच माणसं, बोली आपलीच. 2023 मध्ये टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच बायका बैठक मारून बसल्यात आणि पाहायला आलेल्या पोराला प्रश्न विचारतायत. हसाल, खूप हसाल. मग कळतं, ते सिनेमातल्या लग्नाच्या पोरीचं, सविताचं स्वप्न होतं. पुढे ती स्वतः त्या जागी बसते. नाव, शिक्षण, उंची. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच. तिच्या बापाचं सगळं कापसाच्या भावावर अडलेलं. बघता बघता मधूनच एकदा आईच्या तोंडाकडे बघ. शेवट सांगत नाही.

मला हा सिनेमा जड गेला, कारण त्या बैठकीत मी बसलोय. माझ्या वेळी एका पोरीला पावडर थापून बाहेर आणलं होतं. कानामागे तिचा खरा सावळा रंग तसाच दिसत होता. आमच्या मामांनी उंची विचारली, तिला उठवून दाराच्या चौकटीला उभं केलं. अनवाणी. तिची नजर जमिनीवर, आणि मी पोहे खात होतो. बशी संपवली मी. दोन दिवसांनी निरोप धाडला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती. आज चाळीस वर्षं झाली, ती चौकट डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून सांगतो, बाबा. रविवारी काकांनी तिला उभं राहायला सांगितलं तर तू आधी बोल. तिला तुला काय विचारायचंय ते विचारू दे, तेही चारचौघांत नाही, अंगणात बसून. कामाचं, पगाराचं, कर्जाचं खरं सांग. आणि नाही म्हणायचं असेल तर त्याच संध्याकाळी तू स्वतः फोन कर. मध्यस्थाच्या तोंडून नको, पत्रिकेच्या आड तर नकोच.

सिनेमा संपला की मला फोन लाव. मी जागा असेन.

तुझे
मास्तरकाका